मोठ्याने मागितलेली खूण

कोळवण, ता. मुळशी
१० सप्टेंबर १९७८

ती. लीलाक्काच्या सेवेशी,

शांतवनाचा सप्रेम सलाम वि. वि. तुझं पत्र येऊन पडलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला म्हणून कान धरायचा असेल तर इकडे यावं लागेल, आणि पौडच्या पुढचा रस्ता पाहिलास तर तू कान सोडून देशील.

मनोरमेची तब्येत ठीक आहे. तिचा दवाखाना नेहमीप्रमाणे पडवीत भरतो. सकाळी दार उघडायच्या आत ओट्यावर माणसं बसलेली असतात. कुणाचा पाय सुजलाय, कुणाला विंचू चावलाय. परवा नदीपलीकडच्या वाडीत एक बाळंतीण अडली होती. ही गुडघाभर चिखलातून गेली आणि माय-लेकरू दोघं वाचवून आली. मी मागे छत्री धरून होतो. हल्ली माझा उपयोग तेवढाच आहे.

खरं लिहायचं ते लिहितो. मिशनच्या कमिटीचं पत्र आलंय. अकरा वर्षांत कोळवण केंद्रात एकही माणूस प्रभूकडे आला नाही, तेव्हा हे केंद्र चालू ठेवण्यात अर्थ दिसत नाही, असं त्यांचं मत पडलंय. मला पुण्यात मुलांच्या वसतिगृहाचा अधीक्षक व्हायला सांगतात. दोन खोल्या आहेत, घरात नळ आहे. नाताळाच्या आत होय की नाही ते कळवायचंय. मी गेलो तर इथली जागा बंद होणार, आणि पडवीतला दवाखानाही, कारण घराचं भाडं मिशनच भरतं.

आक्का, मी फार थकलोय. गाव वाईट नाही. चहा देतात, बसा म्हणतात, भैरोबाच्या जत्रेत मला पटांगणाच्या कडेला उभं राहून बोलूही देतात. पण मी बोलत असताना समोरचा माणूस आभाळाकडे बघून पावसाचा अंदाज घेत असतो. अकरा वर्षं असंच चाललंय. मी इथे राहावं ही देवाची इच्छा आहे की निव्वळ माझी सवय, हेच आता कळेनासं झालंय. म्हणून मी रोज पहाटे देवापाशी एक खूण मागतोय. भातकापणी आटोपेपर्यंत गावातलं एक तरी माणूस आपणहून येऊन बाप्तिस्मा मागेल तर मी राहीन. कुणी आलं नाही तर सामान बांधीन. तूही प्रार्थना कर.

लोभ आहे तेवढा असू द्यावा. वाढवायला सांगत नाही, दोघांचीही वयं झाली.

तुझा,
शांतवन

---

अहमदनगर
१९ सप्टेंबर १९७८

चि. शांतवन यास,

अनेक आशीर्वाद व सलाम. पत्र पोचलं. मी ठीक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कुणाला रागवायला मिळत नाही, तेव्हा तुझं पत्र अगदी वेळेवर आलं.

तुझी ती खूण मी दोनदा वाचली. अकरा वर्षांत जे एकदाही घडलं नाही ते दोन महिन्यांत घडलं तर राहीन म्हणतोस. अरे, ही तू देवाकडे खूण मागितलीस की रजेचा अर्ज टाकलास? लहानपणी शाळा चुकवायची असली की पाऊस पडला तर नाही जाणार म्हणायचास, तेही श्रावणात. जायचंय तर सरळ जायचंय म्हण. थकणं हा काही गुन्हा नाही. बाबासुद्धा राहुरीच्या खेड्यांतून फिरून थकलेच होते. पण आपल्या थकव्यावर देवाची सही घेऊ नकोस.

आणि मनोरमेला विचारलंस का? चार पानी पत्रात तिला काय वाटतं त्याची एक ओळ नाही. छत्री धरतोस ते चांगलंच आहे, पण कधी तिच्या बरोबरीनेही चालत जा.

प्रार्थना करतेच आहे. खुणेसाठी नाही, तुझ्यासाठी करते. गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा.

रागावले तरी माया तीच आहे, हे ध्यानात असू द्यावं.

तुझी,
आक्का

---

कोळवण
४ नोव्हेंबर १९७८

ती. लीलाक्काच्या सेवेशी,

सप्रेम सलाम वि. वि. तुझं पत्र मला लागलं, आणि लागायला हवं होतं. मनोरमेला विचारलं. ती म्हणाली की तुम्ही ठरवाल तिथे मी येईन. असं म्हणून ती बँडेजच्या पट्ट्या उकळायला गेली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. त्यावरून काय ते समजलो.

पण आता नवीनच घडलंय. काल गोजराबाई आली. वरच्या आळीतली, म्हातारी, विधवा, मूलबाळ नाही. दिराच्या घरी राहते. उंबऱ्याच्या आत आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि उभ्याउभ्याच म्हणाली की मला तुमच्यात घ्या. मी तिला बसवलं. कुणी काही सांगितलंय का, कुणाचा धाक आहे का, सगळं विचारलं. तिचं एकच उत्तर की न्हाई, माझ्या मनानंच आले. प्रभूवर विश्वास ठेवतेस का, विचारलं, तर म्हणाली की ठेवीन की, तुमी सांगाल तसा. फक्त नदीत फार वेळ बुडवू नका, मला गारठा सोसत न्हाई. आमच्यात डोक्यावर नुसतं पाणी शिंपडतात असं सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

अजून उशिरा पिकणारं गरवं भात उभं आहे, कापणी अर्धीच झालीय. म्हणजे मुदतीच्या आत खूण मिळाली. आक्का, माझ्या तोंडून स्तुतीचं गाणं निघायला हवं होतं. ती गेल्यावर मनात पहिला विचार आला की आता पुणं गेलं, नळ गेला. मग तुझं पत्र आठवलं आणि माझी मलाच शरम वाटली. तू बरोबर होतीस. मी रजाच मागत होतो.

असो. मागितलं त्याने दिलं, आता मागे फिरायला तोंड नाही. पुण्याहून पाळकसाहेब डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बाप्तिस्म्याला येतील. कमिटीला अजून कळवलं नाही. बाप्तिस्मा झाला की लिहीन.

माझ्यासारख्यावरही माया ठेवतेस, तशीच पुढेही ठेव.

तुझा,
शांतवन

---

कोळवण
१३ नोव्हेंबर १९७८

ती. आक्कांना,

मनोरमेचा सलाम. पत्र लिहायची मला सवय नाही हे तुम्हाला माहीत आहे. यांना न सांगता लिहितेय, कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

काल रंभाबाई भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आली होती. शेजारचीच आहे, आमच्या घरी दूध घालते. मी पट्टी सोडत होते तर खुशीत म्हणाली की बाई, गोजराबाईचं काम झालं, आता तुमी जात न्हाई, लई बरं झालं. मी म्हटलं, कसलं काम? तेव्हा ती हात ओढून घ्यायला लागली. मग मी हात तसाच धरून ठेवला आणि सगळं काढून घेतलं.

आक्का, यांना प्रार्थना मनात करता येत नाही. पहाटे ओट्यावर बसून मोठ्याने करतात, तुमच्या वडिलांसारखी. रंभाबाई त्याच वेळी दूध घेऊन येते. ती खुणेची प्रार्थना तिने रोज ऐकली, अगदी तोंडपाठ झाली, आणि गावभर सांगितली. कुणी बाप्तिस्मा मागितला नाही तर बाई जाणार, एवढंच गावाने त्यातून घेतलं. मग भैरोबाच्या देवळात बैठक बसली. हैबतराव पाटील मधे. दवाखाना जाता कामा नये, एक माणूस द्यावंच लागेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण कोण? कुणाच्या मुली लग्नाच्या, कुणाला सोयरिकीची अडचण. शेवटी गोजराबाई म्हणाली की मला कोण हाय, मी जाते. पाटलांनी तिच्या दिराकडून शब्द घेतला की तिचं ताट वेगळं होणार नाही आणि विहिरीवर कुणी तिला अडवणार नाही. एवढं सगळं ठरवून तिला आमच्याकडे पाठवली.

मला आधी हसू आलं, नंतर रडू आलं. भैरोबासमोर बसून या लोकांनी आमच्यासाठी ख्रिस्ती माणूस निवडला.

आता मी काय करू? मला इथून जायचं नाही. हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगते, यांनाही सांगितलेलं नाही. पुण्यात नर्सा पुष्कळ आहेत, इथे पौडपर्यंत दुसरी कुणी नाही. मी गप्प बसले तर राहता येईल. पण एका म्हातारीला खोट्यावर उभी करून मला राहायचं नाही. आणि यांना सांगितलं तर ते मोडून पडतील. अकरा वर्षांत एक माणूस आलं, तेही माझ्या पट्ट्यांसाठी, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

चुकलं असेल तर पोटात घाला. उत्तर रंभाबाईच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
मनोरमा

---

अहमदनगर
१८ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. मनोरमा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि चष्मा पुसत बसले. रंभाबाईच्या पत्त्यावर पाठवत नाही. तिच्या हातात पत्र पडलं तर देवळात पुन्हा बैठक बसेल.

त्याला सांग. आजच सांग, जेवण झाल्यावर सांग, उपाशीपोटी तो जास्त चिडतो. मोडून पडेल म्हणतेस, पण तो आधीच मोडलेला आहे. माझा भाऊ खोट्या खुणेवर उभा राहिला तर आयुष्यभर लंगडत चालेल. खऱ्याने पडला तर तू आहेस, मी आहे.

आणि हेही सांग की मला जायचं नाही. एवढी वर्षं संसार केलास, पण आपल्या मनातलं बोलणं ही देवाच्या कामात अडचण आहे असं तुला कुणी शिकवलं? देव तुझ्याशी बोलत नसेल आणि फक्त त्याच्याशीच ओट्यावर बसून बोलत असेल, असं मला तरी वाटत नाही.

त्याने जायचं ठरवलं तर सरळ जा, कुणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर मला कळव.

तुझ्यावर माझी माया त्याच्याहून जास्त आहे, हे त्याला दाखवलंस तरी चालेल.

तुझी,
लीलाक्का

---

कोळवण
३० नोव्हेंबर १९७८

ती. लीलाक्काच्या सेवेशी,

सप्रेम सलाम वि. वि. मनोरमेने सगळं सांगितलं. तुझं पत्रही दाखवलं, शेवटच्या ओळीसकट.

 दोन दिवस मी ओट्यावर बसलो नाही, प्रार्थनाही केली नाही. रागावलो होतो. गावावर नाही, मनोरमेवर तर नाहीच, देवावर रागावलो होतो. अकरा वर्षं घसा फोडला आणि गावाने काय ऐकलं, तर माझी खाजगी प्रार्थना तेवढी ऐकली.

पाळकसाहेबांना येऊ नका म्हणून कळवलं आणि काल गोजराबाईकडे गेलो. ती खळ्यावर सुपाने भात पाखडत होती. मी सांगितलं की मला सगळं समजलंय, मी रागावलेलो नाही, पण असा बाप्तिस्मा देता येत नाही. तिच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाली की आता तुमी जाणार, म्हंजे माझ्याच हातनं बिघडलं. मी म्हटलं की तुझं काही चुकलं नाही, पण या वयात आपले देव सोडून यायला तू तयार कशी झालीस? तुला भीती नाही वाटली?

आक्का, ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाली की भ्या तर लई वाटलं. पण कुनी तरी जायाचंच हुतं, आन बाकीच्यांना लेकरंबाळं हायेत. तुमीच दर जत्रंत सांगता न्हवं का, समद्यांसाठी एकानं जायाचं असतं, तो येकला गेला म्हून बाकीचे वाचले. मला वाटलं, तुमच्यात यायाची रीतच तशी आसंल.

मी तिथेच खळ्याच्या कडेला बसलो आणि म्हाताऱ्या बाईसमोर लहान पोरासारखा रडलो. ती घाबरली आणि पाणी आणायला पळाली. अकरा वर्षं मला वाटत होतं की ही माणसं आभाळाकडे बघतात.

बाप्तिस्मा मी तिला देववणार नाही. कधी तिला स्वतःसाठी हवासा वाटला तर बघू, असं सांगितलं. तीही बघू म्हणाली.

घरी येऊन कमिटीला लिहिलं. फळ नाही हे त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. फळ मोजायचं काम मला जमत नाही, एवढंच कळवलं. अधीक्षकाची जागा दुसऱ्या कुणाला द्या, आणि कोळवणची जागा बंद न करता मनोरमेच्या नावावर करा, काम तिचंच आहे, मी तिची पिशवी उचलीन. ते काय करतील ते करोत. नाहीच म्हणाले तर हैबतराव आपल्या वाड्याची पडवी द्यायला तयार आहेत, मिशनच्या भाड्याशिवाय चालेल. मनोरमेने पत्र वाचलं आणि पिशवी उचलण्याचं तेवढं ठळक करा म्हणाली.

ही देवाची इच्छाच आहे का, असं तू विचारशील तर मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. थकवा आहे तसाच आहे, गुडघेही तसेच आहेत. पण पाणी आणून दिल्यावर गोजराबाईने भीतभीत विचारलं की मग तुमी आता जाणार का ऱ्हाणार. मी राहणार म्हणालो. बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे मी कुणालाही न विचारता म्हणालो होतो.

मायेचं मागणं या वेळी करत नाही. ती तुम्ही सगळ्यांनी न मागता दिलीत.

तुझा,
शांतवन