बाबा मध्येच थांबतात

रविवार, ४ तारीख

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद, लायकीपेक्षा दोन जास्तच.

पत्र अशासाठी, की माझा प्रत्येक खाजगी मेसेज घरच्या ग्रुपवरच जाऊन पडतो आणि तो बाबा आधी वाचतात. बाबांचं काहीतरी बिघडलंय. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता थांबतात आणि तोंड उघडं ठेवून टक लावून बघत राहतात. काल विचारलं, गोळ्या घेतल्या का. तर म्हणाले, गच्चीत वाळत घातल्यात. उशांचं मी त्याआधी विचारलं होतं.

आता त्यांना एकटं ठेवायला नको. मी इकडची खोली रिकामी केली आहे. घराला कुलूप लाव आणि त्यांना घेऊन ये. जन्मभर लोकांच्या तिजोऱ्या दुरुस्त केलेला माणूस स्वतःच्या दाराला कुलूप लागताना बघणार नाही, हे मला कळतं. वाईटपणा तू घे, तुला सवय आहे.

लोभ आहे, चिडचिड त्याहून जास्त.
ताई

सोमवार, १२ तारीख

ति. ताईस सा. न. वि. वि. कंबर धरली आहे, तरी साष्टांगच समजावा.

बाबा ठणठणीत आहेत. एवढं वाचून चहा पी, मग पुढे वाच.

मी दारात पाऊल टाकताच बूट कुठे काढावेत यावर त्यांनी भाषण दिलं, एकदाही न थांबता. तेव्हा बाबांना सोडलं आणि नेट मोजायला घेतलं. स्वयंपाकघरात त्यांच्या टॅबवर वेग दोन एमबीपीएस. त्याच खुर्चीत माझ्या फोनवर तीन. सिमकार्डाच्या नेटवर नऊ, तेही हात खिडकीबाहेर काढला तर. लॅपटॉप थेट वायरनं जोडावा म्हटलं, तर राउटर सापडेना. वायरच्या मागे गेलो, तर ती लोखंडी कपाटात शिरलेली. मागून सुबक भोक, भोकाला रबराची कड, आत राउटर, बाहेर कुलूप, किल्ली बाबांच्या कमरेला. किमती वस्तू उघड्यावर ठेवायची नसते, असं मलाच सुनावलं.

वायरनं लॅपटॉपवर शंभर आले. राउटर कपाटावर ठेवल्यावर टॅबवर साठ. तुझी खोली पुन्हा भरून टाक.

काम निघालं की आठवणारा,
बारक्या

गुरुवार, १५ तारीख

चि. मास्तरीणबाईंस अ. उ. आ. वि. वि.

बारक्यानं सगळं ओकलं आहे. तू मला वेड्यात काढलंस याचा राग नाही, कारण मीही तेच करत होतो. इकडून तूच प्रश्न विचारून तोंड उघडं टाकून बसायचीस. मी उत्तर द्यावं, तर तू भलत्याच प्रश्नावर. वाटलं, शाळेनं पोरीचं डोकं खाल्लं. तुझ्या पत्राच्या आधीच मी बारक्याला सांगून ठेवलं होतं, की ताईला इकडे घेऊन ये, तिचं काही खरं नाही. दोन्हीकडून एकच तक्रार आली तेव्हा कुठे त्याला वायर बघायची बुद्धी झाली.

काल तू पाऊण तास भांडलीस आणि कुठेही अडकली नाहीस. माझा जीव भांड्यात पडला.

मी राहायला येणार नाही. तू भेटायला ये. आपल्या दोघांचीही डोकी जागेवर आहेत, असं बारक्या म्हणतो. पण त्याच्या शब्दावर किती विसंबायचं ते समक्ष ठरवू.

माया किती आहे ते ठाऊक आहे तुला, लिहीत बसत नाही.
बाबा