तुमच्या बंधूंनी मोजून घेतलेली केबिन

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला शोभेचा नाही. तीन रात्री छताला नाक लावून झोपल्यापासून कंबर अशी धरली आहे की समोर कोणीही आलं तरी आपोआप नमस्कार घडतो. परवा लिफ्टला घडला.) तुमचा गुडघा आता वळतो का? भावोजींचा खोकला गेला का, की अजून फोनवर तुमच्याआधी तोच बोलतो? आम्ही सगळे सुखरूप जमिनीवर आलो आहोत. जमीन अजून जराशी डावीकडे कलते, पण होईल हळूहळू सरळ.

तुम्ही गेल्या वर्षी क्रूझला जाऊन आलात आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर असं काही वर्णन केलंत की शेवटी तुमच्या बंधूंनाही पाण्यात उतरावंसं वाटलं. मी आपली एकच गोष्ट मागितली होती, म्हणजे मागितली नव्हती, मनात आणली होती. खिडकी. माझी कामाची जागा तुम्ही पाहिली आहे. दुकानामागची खोली, एक मशीन, एक ट्यूबलाइट, समोर भिंत आणि लोकांच्या पँटी आखूड-लांब करण्यात गेलेली बावीस वर्षं. वाटलं होतं, आठ दिवस डोळे उघडले की समोर भिंतीऐवजी पाणी दिसावं. पण तुम्ही बंधूंना सांगितलंत की केबिनमध्ये झोपायलाच तर जायचं, खिडकी हवी कशाला! (तुम्ही स्वतः बाल्कनीवाली घेतली होती. ती बहुधा जागं राहायला.) तुमचा शब्द आमच्याकडे खाली पडत नाही, हे तुम्ही जाणताच.

मग बंधूंनी केबिन निवडायला घेतली. जमिनी मोजण्यात हयात घालवलेला माणूस तो. जहाजाचा नकाशा छापून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला, पट्टी-पेन्सिल घेतली, आणि तीन आठवडे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. अखेर जहाजाच्या बरोबर मधोमध, लिफ्टपासून एकवीस पावलांवर, बिनखिडकीची एक केबिन त्यांनी हुडकून काढली, का, तर तिथे जहाज सर्वांत कमी हलतं. ते खरंच निघालं. जहाज हललं नाही. पण जमिनीला शेजार असतो तो चारच बाजूंनी, त्यामुळे डोक्यावर कोण राहतं हे बघायची बंधूंना सवय नाही. डोक्यावर व्यायामशाळा होती. पहाटे साडेपाचला लोक वजनं उचलत, त्याचं मला काही नाही, उचलोत बिचारे. पण उचललेलं खाली ठेवावंही लागतं ना! केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि तिसरा छतातून उतरणारा, त्याला शिडी. बंधूंना चढउतार सोसत नाही, लेक सतरा वर्षांची (या वयात शिडी चढलं की केस विस्कटतात), तेव्हा शिडी कोणाला मिळाली हे तुम्ही हुशार आहात, ओळखाल. मी वजनांच्या इतकी जवळ झोपत होते की चौथ्या दिवशी नुसत्या आवाजावरून दहा किलो आणि पंधरा किलो वेगळं सांगू शकत होते.

बाल्कनीवाली दुसरी केबिन आईंना. वय एक्याऐंशी, हवा खेळती हवी, आणि झोप एकटीलाच लागते, तेव्हा त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. (मी कशाबद्दलच काढत नाही. घराण्यात तसा माझा लौकिक आहे.) पहिल्या संध्याकाळी त्यांची बॅग लावायला गेले. दारातून बघते तर समोर सगळं पाणीच पाणी, त्यावर उतरतं ऊन, मी हातातल्या हँगरसकट तिथेच उभी. एवढ्यात आई म्हणाल्या की एवढं पाणी बघून जीव घाबरा होतो, पडदा लाव. लावला. मधून फट राहते म्हणाल्या. आता माझं दुर्दैव असं की सफरीलाही मी सेफ्टीपिनांची डबी नेली होती. वीतभर अंतरावर एक, अशा अकरा पिना लावल्या, शिवणीसारख्या सरळ. अख्ख्या जहाजात समुद्राच्या इतकी जवळ असून समुद्र न दिसणारी खोली आमचीच असावी. त्यात बसून आई टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या टोकाला लावलेला कॅमेरा बघत. त्यात समुद्रच दिसतो. पण तो आवाक्यातला, बंद करता येतो.

जहाजावरचं जगणं तुम्ही वर्णिलंत तसंच रम्य. पहिल्या दिवशी संकटाची तालीम झाली, सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून उभं केलं. तालीम अर्ध्या तासात संपली. आईंनी जाकीट रात्रीच्या जेवणापर्यंत उतरवलं नाही, सूपही त्यातच प्यायल्या. खोली आवरणारा गृहस्थ मोठा हौशी, रोज टॉवेलाचा एक हत्ती करून पलंगावर ठेवायचा. मुक्या जनावराची सोंड उकलणं आईंच्या जिवावर येई, म्हणून चार दिवसांत त्यांच्याकडे चार हत्ती झाले आणि अंग पुसायला एकही टॉवेल राहिला नाही. बंधूंनी जेवणाच्या हॉलची मोजणी केली आणि कोणत्या टोकाने सुरुवात केली असता केक संपायच्या आत गाठता येतो ते काढलं. लेक कानात हेडफोन घालून होती. मी काय केलं म्हणाल, तर एका प्रवासिणीच्या गाऊनची शिवण उसवली होती ती नीट करून दिली. दुसरीला कळलं. मग तिसरीलाही कळलं.

आता गंमत बाजूला ठेवते, वन्सं. चौथ्या दिवशी दुपारी एकला आईंना जेवायला बोलवायला गेलो. दार वाजवलं, उत्तर नाही. पुन्हा वाजवलं, हाका मारल्या. त्या आवरणाऱ्या गृहस्थाने किल्लीने उघडून दिलं. पिना काढून साबणाच्या बशीत ठेवलेल्या, पडदा बाजूला, बाल्कनीचं दार सताड उघडं. नारिंगी जाकीट पलंगावर. आणि बाहेर कठड्यापाशी आईंच्या चपला, एकीशेजारी एक, नीट. तुमचे बंधू पलंगाच्या कडेवर बसले आणि “आई” म्हणाले, सात वर्षांचं पोर म्हणेल तसं. मी कठड्याला पोट टेकवून खाली वाकले. खाली पांढरा फेस उकळत मागे पळत होता. चार दिवस ज्याच्यासाठी तळमळले, तो समुद्र मला असा दिसला. त्या क्षणी मी काय बोलले असेन? चोवीस वर्षांत आईंना उलटून बोलले नव्हते, ते सगळं त्या पाण्याला बोलले.

जहाजभर घोषणा झाली. गणवेशातली माणसं धावली. मी जिने चढले-उतरले, किती ते विचारू नका. शेवटी लेकच कानातलं काढून ओरडत आली, “आजी सापडली, बाराव्या मजल्यावर!” तिथे रांगेत नाचायचा वर्ग चालला होता. तिसऱ्या रांगेत आई, अनवाणी. सगळे उजवीकडे जात तेव्हा आई डावीकडे, आणि असं करता करता मागची अर्धी रांग त्यांनी डावीकडे वळवली होती. चपलांवर कॉफी सांडली म्हणून धुऊन वाळत घातल्या होत्या. घोषणा त्यांनी ऐकली होती. शेजारणीला म्हणालेल्या, “कोण गं बिचारी हरवली?”

मला रडू फुटलं आणि रागही आला. “आई, सांगून जायला काय झालं होतं?” मी सगळ्यांदेखत ओरडले.

“घाबरलीस?”

“नाही, मजा वाटली! चपला बघितल्या मी तिथे, कठड्याला!”

आईंनी माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, “इतकं मोठ्यांदा बोलता येतं तुला? मग पहिल्या दिवशी काय झालं होतं? मला भीती वाटली म्हणून म्हटलं पडदा लाव. पण तू हँगर घेऊन बघत उभी होतीस, ते काय मला दिसलं नाही? म्हटलं आता म्हणेल, राहू द्या ना आई, मला बघायचंय. आणि तू काय म्हणालीस? किती अंतरावर पिना लावू!”



त्या संध्याकाळी आईंच्या हुकमाने मी माझी बॅग घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले. बंधूंना आणि लेकीला मधोमधची, न हलणारी केबिन लाभली. उरलेले चार दिवस आई आणि मी बाल्कनीत बसलो. पहिल्या दिवशी आईंनी माझा दंड धरला होता, दुसऱ्या दिवशी बोट, तिसऱ्या दिवशी कॉफीचा कप. झोप त्यांना माझ्यासकट लागली. लाटा जोराच्या होत्या, कपाट उघडायचं-मिटायचं, टॉवेलाचे हत्ती खाली पडायचे. जहाज त्या बाजूला भयंकर हलतं, बंधूंचं गणित अगदी बरोबर होतं.

तर असा सगळा त्रास झाला. तुमच्या सल्ल्याबद्दल आम्ही सर्वजण तुमचे ऋणी आहोत. पुन्हा म्हणून जहाजाचं नाव काढणार नाही असं बंधू म्हणतात, आणि त्यांच्यापुरतं ते खरं ठरेल अशी मी काळजी घेतली आहे.

तुमची, अजून तरी आज्ञाधारक,
वहिनी

ता. क. दोन महिन्यांनी आई आणि मी पुन्हा निघतो आहोत, दोघीच. बाल्कनीवाली केबिन ठरवून टाकली आहे. लेक मैत्रिणीकडे राहील. ते नऊ दिवस बंधूंना तुम्ही ठेवून घ्यावं, एवढं सांगायला हे पत्र. खाण्यापिण्याचं त्यांचं काही नसतं, फक्त वेळेवर, गरम आणि समोर आणून लागतं.

ता. क. २ त्यांना हे अजून माहीत नाही. तुम्ही फोनवर नुसतं म्हणा की शेजाऱ्याने कुंपण तुमच्या हद्दीत ढकललंय असा संशय आहे. टेप घेऊन ते आपण होऊन येतील. संशय नसेल तर कृपया घ्यावा.

ता. क. ३ (हा आईंच्या हातचा) बाळ, पत्र मी वाचलं. नाचात मी तिसऱ्या नाही, पहिल्या रांगेत होते. बाकी ठीक लिहिलंय. भावाला नऊ नाही, चांगले पंधरा दिवस ठेव. तू विचारशील, आई, मला का गं नाही नेत? अगं, तू आलीस की केबिन तू ठरवणार.