जिन्यावरची नऊ मिनिटं

शुक्रवार, ८ मार्च १९५७. सकाळी सहा.

आज माझं पहिलं चित्र लागतंय. ‘कोटाचा खिसा’. मन शांत. रिव्ह्यू वाचायचे नाहीत. कोणावर चिडायचं नाही. दुसऱ्या चित्राचा विषय मालकांकडे स्वतःहून काढायचा नाही. मालक, म्हणजे कंपनीचे, म्हणालेत की पंधरा दिवस जाऊ देत, मग पुढचं कोणाला द्यायचं ते बघू. ‘कोणाला’ हे त्यांनी सवयीने म्हटलं असणार.

साडेसात.

इस्त्रीवाल्याने कॉलर जाळली. ज्या चित्राची नायिका लाँड्रीत काम करते त्याच्या दिग्दर्शकाची कॉलर. चिडलो नाही. चार शब्द सुनावले. तो हसला म्हणून आणखी चार.

संध्याकाळी सात.

पहिला शो झाला. मी चित्र पाहिलं नाही. जानेवारीत कच्ची प्रिंट पाहिली होती, तेवढं पुरे. खरा दिग्दर्शक पडद्याकडे बघत नाही, प्रेक्षकांकडे बघतो. बाजूच्या दाराशी उभा राहून चेहरे पाहिले. बाराव्या रिळाला मात्र बाहेर गेलो. तिथे जिन्याचा प्रसंग येतो. मुलगी वरच्या पायरीवर, नायक खालच्या, आणि तो माणसाच्या एकटेपणाविषयी नऊ मिनिटं बोलतो. कॅमेरा हलत नाही. सात गाणी आहेत ती मालकांच्या हट्टापायी. चित्र जिन्यासाठी आहे. आत थांबलो असतो तर मलाच रडू आवरलं नसतं.

परत आलो तेव्हा लोक डोळे पुसत होते. एक बाई पोट धरून वाकली होती. दुःख कुठे भिडेल सांगता येत नाही.

शनिवार, ९ मार्च. सकाळी सात.

रिव्ह्यू वाचायचे नव्हते. पेपर घडी करताना नजर गेली. चारही पेपरांत गेली.

एक म्हणतो, गाणी ओठांवर बसतात, कथा कोटाच्या खिशात मावते. दुसरा म्हणतो, साबणाच्या फुग्याइतकं हलकं, दोन तास मजेत जातात, अर्थ विचारू नये. तिसऱ्याच्या मते अशाने तरुण पिढी बिघडेल. तरुण पिढीने याला काय केलंय कळत नाही. चौथा ‘टाचणी’ या नावाने लिहितो. तो म्हणतो, दिग्दर्शक गंभीर होणार अशी भीती अधूनमधून वाटते, पण प्रत्येक वेळी कात्री धावून येते, तेव्हा श्रेय संकलकाचं.

संकलक म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कंपनीत मी चिकटवला.

जिन्याबद्दल एक अक्षर नाही. चौघांनी मिळून दाबलेलं दिसतंय. बायको म्हणाली, अहो, बरं लिहिलंय की. मी म्हणालो, ‘बरं’ हा शब्द ताप उतरल्यावर वापरतात. ती म्हणाली, मग उतरवा ना.

रविवार, १० मार्च.

तिन्ही शो फुल. न्हावी दाढी करताना लाँड्रीचं गाणं गुणगुणत होता. माझ्याच गळ्यावर वस्तरा आणि माझ्याच चित्राची चाल. त्याला विचारलं, जिना कसा वाटला? तो म्हणाला, कोणता जिना साहेब? गळा कापून घ्यायचा नसेल तर मान हलवू नका. अशिक्षितपणा.

सोमवार, ११ मार्च. दुपारी.

स्तुतीची भीक मागणार नाही. स्तुती आपसूक आली पाहिजे. तिला वाट करून द्यायला मात्र हरकत नसावी.

‘टाचणी’च्या पेपरात वाचकांच्या पत्रांचं पान असतं. तीन पत्रं लिहिली. एक गृहिणी, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक कॉलेजचा विद्यार्थी. तिघांनाही जिन्याने हलवून सोडलंय. विद्यार्थ्याचं अक्षर मुद्दाम वाईट काढलं. गृहिणीचं पत्र सर्वांत जमलं: ‘नवरा शेजारी बसला होता, पण त्या नऊ मिनिटांत मला प्रथमच कळलं की आपण दोघंही किती एकटे आहोत.’ हे लिहून थोडा वेळ खिडकीत उभा राहिलो.

बायकोने विचारलं, तीन पाकिटं कोणाला? व्यवहाराची आहेत, म्हणालो.

गुरुवार, १४ मार्च.

पत्रं छापली नाहीत. संपादक पण सामील.

रविवार, १७ मार्च. सकाळी आठ.

तिन्ही छापली. एकाखाली एक. त्याखाली ‘टाचणी’ची टीप. जशीच्या तशी उतरवून घेतोय, पुढे कोर्टात लागेल:

‘या तीन रसिकांनी जिन्यावरचा नऊ मिनिटांचा प्रसंग पाहिला. मी चित्र दोनदा पाहिलं. थिएटरच्या ऑपरेटरलाही विचारलं. या चित्रात जिनाच नाही. नायिका तळमजल्यावर राहते. असा प्रसंग ज्याने लिहिला त्यालाच तो दिसू शकतो. गृहिणीबाईंना माझा नमस्कार.’

साडेआठ.

खोटारडा. सरळ थिएटरवर जाणार आणि बारावं रीळ डोळ्यांनी बघणार.

दुपारी चार.

बघितलं. मुलगी कोट घेऊन दारात येते, नायक तोंड उघडतो, आणि गाणं सुरू होतं. लोक पोट धरून हसतात.

सोमवार, १८ मार्च.

एडिटिंगच्या खोलीत गेलो. मेहुणा चहा पीत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आधी दुसरा कप मागवला. म्हणाला, भाऊजी, मालकांनी सांगितलं, मी कापलं. तुम्हाला सांगणारच होतो, पण म्हटलं तुम्ही पहिल्या शोला बघालच. मी विचारलं, आणि मी बघितलं नसतं तर? तो म्हणाला, आपलंच चित्र कोण बघत नाही, भाऊजी.

जिना फडताळात होता. गोल डब्यात. डब्यावर त्याने पेन्सिलीने ‘जिना’ लिहिलंय. डब्यावर कप ठेवल्याचे गोल डाग.

घरी आलो. बायकोला सगळं माहीत होतं. ट्रायलला तिनेच भावाला सांगितलं म्हणे, तेवढा जिना काढ, नाहीतर त्यांना लोक मारतील. मी म्हणालो, तू माझी बायको आहेस की त्याची बहीण? ती म्हणाली, बहीण आधी झाले. मग म्हणाली, त्या गृहिणीचा नवरा शेजारी असतो ना, त्याला सांगा, ती एकटी वगैरे काही नाहीये, तिला फक्त चित्र लांबलं की झोप येते.

मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

मंगळवार, १९ मार्च.

मालकांसमोर उभा राहून बोललो. बराच वेळ. ते म्हणाले, बसा. मी बसलो नाही. शेवटी म्हणाले, उद्या दुपारचा एक शो, जिन्यासकट. बघू. शुक्रवारी पुढच्या चित्राचं ठरवायचंच आहे. जिंकलो. दुसऱ्या चित्रात दोन जिने ठेवणार.

बुधवार, २० मार्च. संध्याकाळी सहा.

तळमजल्यावर राहणाऱ्या मुलीला जिना कुठून आला, असं एकाने मोठ्याने विचारलं. चांगली सुरुवात, लोक लक्ष देत होते. दुसऱ्या मिनिटाला खोकला. साथ असावी. तिसऱ्या मिनिटाला खुर्च्या वाजल्या. चौथ्या मिनिटाला एवढे लोक बाहेर आले की डोअरकीपरला वाटलं इंटरव्हल झाली, आणि त्याने दिवे लावले. दिवे लागल्यावर उरलेलेही उठले. नायक पडद्यावर फिक्कट होऊन बोलत राहिला.

शो डोअरकीपरने पाडला. त्याला तिथेच झापला. तो म्हणाला, साहेब, तुम्हीच तर पहिले बाहेर आलात.

मी बाहेर कोण येतंय ते बघायला आलो होतो.

शुक्रवार, २२ मार्च.

मालकांनी बोलावलं. मेहुणा आधीच बसलेला. दुसरं चित्र त्याला दिलंय. आठ गाणी.

मग मालक म्हणाले, त्या तीन पत्रांतलं गृहिणीचं पत्र आमच्या घरात वाचलं गेलं. माझी बायको ते वाचून रडली आणि शेजारणींना घेऊन चित्राला गेली. चित्रात ते नव्हतं तो भाग वेगळा, पण तिकिटं गेली. जाहिरात खात्यात असं लिहिणारा कोणी नाही. वाचकांची पत्रं, आठवड्याला पाच, निरनिराळ्या माणसांची. याल का?

मी ठाम नकार दिला. दिग्दर्शक आहे मी. उठलो, दार लावलं, जिना उतरलो, परत चढलो.

मेहुण्याची एकच अट आहे. पत्रं लिहिण्याआधी चित्र बघायचं. पूर्ण.

सोमवारपासून जायचंय.