कोचच्या खुणा

११ जुलै २०२०, वेरिबी
पुन्हा लॉकडाउन. सीझन गेला. कोचच्या वृद्धाश्रमातही आत सोडत नाहीत, खिडकीतून भेटा म्हणतात.
काच जाड. ना त्याला ऐकू येत, ना मला. नुसते बघत बसलो. मग त्याने डोक्यावर थाप मारली. मैदानावरची खूण: सगळे माझ्याकडे या. काचेला नाक लागेपर्यंत पुढे गेलो. म्हातारा हसला.

१९ जुलै
मुग्धा म्हणते, "सख्ख्या वडलांना पुण्याला आठवड्यातून एक फोन, आणि या अमेरिकनासाठी थंडीत उभा राहतोस." खरं आहे. पण इथे ऑस्ट्रेलियात शिकायला आलो तेव्हा 'येतोस का खेळायला' विचारणारा हा एकटाच. अमेरिकन फुटबॉल टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता. क्रिकेटवाल्यांनी घेतलं नाही म्हणून गेलो. आधी त्याचा खेळाडू, मग त्याच्या हाताखाली मदतनीस. एवढ्याशा कॉलेजची टीम, तिच्यात त्याने हयात घालवली. हरण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं.
आज त्याने बोटं उघडून भुवया वर केल्या. म्हणजे, सरावाला किती आले? मी दोन्ही पंजे दाखवले, दोनदा: वीस. सराव बंद आहे हे त्याच्या लक्षात राहत नाही.

५ ऑगस्ट
कॉलेजची मेल. खर्चकपात, टीम कायमची बंद. आभार वगैरे. कोचचं नाव कुठेच नाही. डोकं फिरलं.
रेवा म्हणाली, "जस्ट टेल हिम, बाबा." कार्टीला सगळं सोपं वाटतं.

९ ऑगस्ट
सांगायचं ठरवून गेलो. त्याने बोटं उघडली. मी पुन्हा दोन्ही पंजे. घरी येऊन जेवलो नाही.

२३ ऑगस्ट
आश्रमात कोविड शिरलाच. कोचला ताप, नाकात नळी. नर्सने पलंग खिडकीशी आणला. बोटं कशीबशी उघडली.
आज खोटं नाही जमलं. रिकामे हात दाखवले. कुणी नाही, कोच. टीमच नाही. रडून मास्क भिजला.
 मग त्याने मूठ दोनदा छातीवर मारली. ही खास माझ्यासाठीची खूण. मला बॉल लांब फेकता यायचा नाही, सगळं अडलं की बाहेरून तो हेच करायचा: कुणाला देऊ नकोस, स्वतःच घेऊन घूस.
मला सांगत होता, की तापात जुनी मॅच चालू होती त्याची?

२७ ऑगस्ट
कोच गेला. सकाळी फोन आला.

२ सप्टेंबर
अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी, त्यात मी नाही. लॅपटॉपवर पाहिला. मध्येच चित्र अडकलं, सुरू झालं तोवर सगळे उठले होते. मुग्धा शेजारी येऊन बसली.  मग पुण्याला बाबांचा नंबर लावून फोन हातात दिला.

२४ नोव्हेंबर
पार्कात खेळायला परवानगी. आठवडाभर टाळत होतो. आज टीममधल्या मुलांच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी सकाळी या. कॉलेज नाही, जर्सी नाही. बॉल माझ्याकडे आहे.
सगळ्यांनी वाचलंय. उत्तर एकाचंच: "सॉरी कोच, रविवारी शिफ्ट आहे."
कोच. मला.
बॉलमध्ये हवा भरून ठेवली.