कैरोहून हेदवीला

रत्नागिरी,
गुरुवार, २६ जून २०२५

प्रिय दादा,

उतरलास! आत्ताच स्क्रीनवर पाहिलं. मुंबईला तुझं विमान टेकलं तशी मी खुर्चीतून अशी उठले की काशीरामभाऊंचा चहा टेबलभर झाला. "अगो, तुझा कोण लागतो तो?" ते म्हणाले. मी म्हटलं, "गिऱ्हाईक."

मी बरी आहे. आंबा यंदा बेताचाच झाला. हे पत्र तुला बाबूने चिपळूण स्टेशनावर दिलं असेल. तो आमचा ड्रायव्हर, आता तुला हेदवीला नेईल. आमचा म्हणजे काशीरामभाऊंच्या ट्रॅव्हल ऑफिसचा. होय, ज्यांना तू फोन केलास तेच. मी दोन वर्षं इथेच तिकिटं काढते.

मंगळवारी सकाळी कुलूप काढायच्या आत फोन वाजत होते! आदल्या दिवशी कतारने आकाश बंद केलं. क्षेपणास्त्रं उडत असताना त्यातून माणसांनी भरलेली विमानं कशी नेणार? वाटेत होती ती मिळेल तिथे उतरवली. भाऊंनी एक फोन स्पीकरवर घेतला. "जहाजावरून उतरून अथेन्सहून दोहाला निघालो होतो. विमान वळवून कैरोला आणलंय. बायको बाळंतपणाला माहेरी आहे, हेदवीला. डॉक्टरांनी शनिवारची तारीख दिलीय. कसंही करून पोचवा."

आवाज मी ओळखला. मग तू नाव सांगितलंस. दर्शन गंगाराम मयेकर.

भाऊ तुला दुबईवरून आणणार होते. मी म्हटलं, "आखात नको. परत बंद झालं तर हा परत अडकेल."

"मग काय आफ्रिकेतून आणतेस?"

"होय. आदिस अबाबावरून."

ते हसले, पण मी नकाशाच उघडला. इराण-इराकवरून वाट नाही. सुदानमध्ये लढाई, तिथूनही नाही. पण तांबड्या समुद्राच्या कडेकडेने खाली इथिओपियात, आणि तिथून समुद्र ओलांडून थेट मुंबई, ही वाट चालू होती. एकच सीट उरलेली! भाऊ हो म्हणायच्या आत मी ती घेतली. दुपारी दुबईचं ते विमान रद्द झाल्याचं कळलं आणि भाऊंनी स्वतः उठून माझ्यासाठी वडापाव आणला. दादा, असा दिवस मी नोकरीत पाहिला नव्हता.

सीटचं विचारायला मात्र मलाच फोनवर यावं लागलं. आवाज जाड करून म्हटलं, "खिडकी चालेल?"

"कुठलीही द्या, मॅडम. वडील गेले तेव्हा मला कोणी वेळेवर कळवलंच नाही. ह्या खेपेला पोचायलाच हवं."

मी "बरं" म्हटलं.

हे लिहायचं आहे म्हणूनच मघापासून विमानांच्या गोष्टी सांगतेय.

बाबा दोन दिवस इस्पितळात होते. "दर्शनास कळवलंस काय गो?" त्यांनी चारदा विचारलं. मी सांगितलं, जहाज समुद्रात आहे, फोन लागत नाही. नातेवाइकांनाही तेच सांगितलं. तुझं जहाज कोचीला लागलेलं होतं. तुझ्या कंपनीत विचारून मला ठाऊक होतं. तू लग्न करून गेलास, मागे वळून पाहिलं नाहीस, बाबांचं सगळं माझ्या एकटीवर आलं, त्याचा राग होता. कोचीहून विमानं रोज सुटत होती. मी फोन लावलाच नाही.

बाबांनी शेवटी विचारायचं सोडून दिलं.

बाबू दारात हॉर्न वाजवतोय. वाटेत काही बोलू नको म्हणून त्याला बजावलंय. तू सावकाश वाच.

रविवारी सकाळच्या एसटीने मी हेदवीला येतेय. वहिनीला मी अजून पाहिलेलंही नाही. बोलायचं ते तोंडावर बोल, सगळं ऐकीन. दारातून परत पाठवलंस तर परत जाईन. पण येणार हे नक्की.

तेव्हा खोटं बोललेली,
तुझी धाकटी बहीण
राजश्री