पाचवा हेत्वाभास

३ जून
सही केली. सत्तरीला दोन वर्षे उरलेली असताना पुन्हा नोकरी! विधी महाविद्यालयात नव्या मुलांना तर्कशास्त्र शिकवायचे. आठवड्याला चार तास. प्राचार्य माझाच जुना विद्यार्थी, नियुक्तिपत्र घेऊन स्वतः घरी आला. "बाई, तुम्हीच हव्यात. ही मुलं आवाज चढवायला शिकलीत, वाद घालायला नाही." यांनी चहा गाळता गाळता शेरा मारलाच — "चाळीस वर्षं मी एकटा हरतोय. आता सोबत मिळेल."

स्वीकृती हाताने लिहून तिथेच त्याच्या हाती दिली. दिलेला शब्द माझ्या लेखी सिद्ध निष्कर्षासारखा. तो मागे घ्यायचा, तर आधी चूक कुठे झाली ते दाखवावे लागते.

९ जून
सत्रापूर्वीचा ओळखीचा तास. टिपणांशिवाय शिकवते, जन्मभर तसेच शिकवले. फळ्यावर लिहिले — हेत्वाभास पाच. म्हणजे कारणासारखी दिसणारी, पण कारण नसलेली पाच कारणे. चार लिहिली. पाचवे आले नाही. खडू फळ्याला टेकलेला आणि डोक्यात नुसती कोरी भिंत! कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. शेवटी मागच्या बाकावरून प्राचार्याचा हळू आवाज — "बाधित, बाई."

मुलांना वाटले, मी मुद्दामच थांबले होते. त्याला तसे वाटले नाही.

बाधित: आपण पुढे केलेले कारण अधिक भक्कम पुराव्याने आधीच खोटे ठरलेले असणे. ही व्याख्या त्याला मीच शिकवली.

१० जून
एका उदाहरणावरून नियम बांधू नये. मान्य. पण उदाहरण एक नाही. मार्चमध्ये दोनदा गॅस चालूच राहिला. एप्रिलमध्ये नातीचे नाव — अख्खी दुपार! ही यादी कुणाला दाखवलेली नाही.

११ जून
सकाळी फिरून आले. पाय भलतेच दुखतात. बाकी विशेष काही नाही.

१३ जून
नकार द्यायचा, ठरले. खरे कारण लिहिणे अशक्य. ज्याने मला पाचवे नाव सांगितले, त्याला ते कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा यांचे गुडघे पुढे करायचे.

हे भडकले. "अगं, मी रोज तीन जिने चढतोय! माझ्या गुडघ्यांच्या नावावर कशाला बिल फाडतेस?"

"सभ्य कारण आहे."

"खोटं आहे."

"सभ्य कारणं बहुधा असतातच."

पेपर उचलून गॅलरीत गेले. इतक्या वर्षांत यांना मी मुद्द्याने नव्हे, सुराने गप्प केले — हे प्रथमच.

लांब पाकिटे पाच आणली होती. चारच आहेत! यांना विचारले तर म्हणतात, "मी कुणाला पत्रं लिहू?" वस्तू जागच्या जागी ठेवण्याची शिस्त या घरात मला एकटीलाच आहे.

१४ जून
पत्र लिहिले. विश्वासाबद्दल आभार, यजमानांच्या गुडघ्यांच्या दुखण्यामुळे स्वीकृती मागे घेत असल्याबद्दल दिलगिरी, दुसरी व्यक्ती शोधायला अवधी मिळावा म्हणून आताच कळवणे. वाक्ये तीन. नम्र, नेटके, खोटे.

स्वतः टपालात टाकून आले. त्या कचेरीची चढण फार — पाय भलतेच दुखतात.

१७ जून
हे जेवताना बोलतात. जिना चढताना मात्र मुद्दाम कठड्याला हात लावत नाहीत. माझ्याकडे बघत चढतात.

२० जून
प्राचार्याचे उत्तर आले. तो बाहेरगावी होता. "परतल्यावर टेबलावर तुमची दोन्ही पत्रं एकदमच मिळाली, बाई. अकरा तारखेच्या पत्रात विसरण्याबद्दल जे लिहिलंत, ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून परत पाठवतो आहे. सरांच्या गुडघ्यांना आराम पडो."

सोबत ते पत्र. अक्षर माझे. सही माझी. गॅस, नातीचे नाव, फळा — सगळे क्रमाने, एकही शब्द जास्तीचा नाही. असे स्वच्छ मी अलीकडे काही लिहिलेले नाही.

अकरा तारखेचे पान उघडून पाहिले. बाकी विशेष काही नाही.

यांना हाक मारली.