चाकांवरचं कीटण

ती. ताईंना अनेक नमस्कार.

गुडघा कसा आहे? खोकी बांधायला तुम्ही स्वतः वाकू नका. वाकायची कामं मुलगा न्यायला येईल तेव्हा त्याच्यासाठी ठेवा, त्याची पाठ अजून तरुण आहे. औषध जेवणानंतर घेता ना? की अजूनही आधीच घेऊन मोकळ्या होता?

इकडे सर्व कुशल आहे. (घराला आग लागली असली तरी हे वाक्य आधी लिहायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. लग्न होऊन आले तेव्हा माझं मराठी पत्र म्हणजे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या इंग्रजी पत्राला नेसवलेली साडी होती. तुम्ही ते शांतपणे वाचलंत, "छान लिहिलंयस, पण हे मामंजींना आहे की बँकेच्या मॅनेजरला?" असं विचारलंत आणि शेजारी बसवून पुन्हा लिहून घेतलंत. त्या दिवशी मला या घरात पहिल्यांदा हसू आलं होतं.) तेव्हा कुशलच आहे. फक्त तुमच्या भावाचं डोकं ठिकाणावर नाही.

परवा फोनवर तुम्ही रागावलात ते अगदी बरोबर होतं. महिनाअखेरीस तुमच्या घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात जाणार, तुम्ही मुलाकडे समुद्रापलीकडे जाणार, आणि आम्ही दोघं अजून "येतो, येतो" करत इथेच बसलोय. मी फोनवर "जरा गाडीचं काम निघालंय" असं पुटपुटले, कारण हे शेजारीच उभे होते. खरं कारण आता लिहिते. ते वाचून हसू नका, मला हसू येणं केव्हाच बंद झालंय. कारण आहे ब्रेकची भुकटी.

तुम्हाला ठाऊक आहे की दवाखाना बंद केल्यावर यांनी गाडी घेतली. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून पाठ वाकली, आता सरळ बसून लांबवर बघायचं, असं म्हणाले. मला ते पटलंही. गाडी चांगली आहे, फक्त तिची चाकं चंदेरी आहेत. आठवड्याभरात पुढची दोन चाकं काळपट झाली. मी म्हटलं, रस्त्यावरची धूळ असेल. यांनी बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं (नाकाशी का, ते विचारू नका, चाळीस वर्षांची सवय आहे) आणि म्हणाले, "धूळ नाही ही. कीटण आहे."

झालं. त्या दिवसापासून ती चाकं राहिली नाहीत, तोंड झालं. पुढची दोन म्हणजे वरचा जबडा, मागची दोन खालचा. दवाखान्यातून आणलेली पेटी इतके दिवस माळ्यावर होती, ती खाली उतरली. हे सकाळी गाडीशेजारी माझी व्यायामाची सतरंजी अंथरतात, तिच्यावर आडवे होतात आणि दात बघायचा तो छोटा गोल आरसा चाकाच्या आत घालून पाठीमागची बाजू तपासतात. मग दातांचा ब्रश. मग दोन दातांच्या फटीतला ब्रश. येणारे-जाणारे थांबतात. समोरच्या वकिलांनी तर फाटकाशी येऊन विचारलं, "काय डॉक्टर, उपटावं लागेल का?" यांनी आतूनच उत्तर दिलं, "आत्ता सांगता येत नाही, आधी सूज उतरू दे." हे चेष्टा करत होते की नाही, ते मला या वयातही ओळखता आलं नाही.

ही भुकटी येते कशी, तेही मला आता पाठ झालंय. ब्रेक दाबला की एक पट्टी लोखंडी तबकडीला घासते, घासताना दोन्ही थोडं थोडं झिजतात, आणि तो गरम चुरा चाकावर चिकटून बसतो. पुढची चाकं जास्त जोर घेतात म्हणून पुढे जास्त. हे मला जेवताना सांगितलं जातं. मी वाटी पुढे केली तरी माणूस थांबत नाही.

मग उपचार सुरू झाले. पहिल्यांदा न्हाणीघरातल्या फरशीचं ॲसिड. मी नको नको म्हणत असताना यांनी ते मागच्या उजव्या चाकावर टाकलं आणि त्या चाकावर ढगासारखा पांढरा डाग उठला, तो अजून आहे. दिवसभर माणूस जेवला नाही. संध्याकाळी मी खिडकीतून बघितलं, तर त्या चाकावर हात ठेवून बसले होते. पेशंटचा चांगला दात चुकून काढला असता तर कदाचित असेच बसले असते. (तसं कधी झालं नाही, तेवढं त्यांच्या बाजूने लिहिते.)

त्यानंतर झाकणं. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पिंपांची झाकणं मापाला बरोबर बसतात, असा शोध लागला. मला न विचारता त्यांना भोकं पाडली आणि चाकांवर तारेने बांधली. दिसायला चाकं अगदी स्वच्छ! बाजारात जाऊन परत येईपर्यंत गाडीला जळका वास यायला लागला. तसेच गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री झाकणांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, ही झाकणं तुमची?" मी हो म्हटलं. "मग घेऊन जा. ब्रेकला वारा लागला नाही तर तापून कामातून जाईल, मग चाक चकचकीत असून काय करायचं?" हे त्याच्याशी तासभर भांडले. तोही काही कमी नाही, "तुमच्या दवाखान्यात येऊन मी दाढेला तार बांधली असती तर चाललं असतं का?" म्हणाला. माझं धान्य मात्र तेव्हापासून उघडं आहे.

भांडणातून एक बरं निघालं. कमी भुकटी पाडणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या मिळतात असं मिस्त्रीनेच सांगितलं. त्या सिरॅमिकच्या असतात. हा शब्द ऐकल्याबरोबर यांचा चेहरा उजळला. "सिरॅमिक? अरे, मी जन्मभर लोकांच्या दातांवर तेच बसवलंय!" मग दोघं एकदम मित्र झाले आणि मी स्टुलावर बसून त्यांचा चहा होण्याची वाट बघत राहिले. पट्ट्या बसल्या, चाकांवर मेणासारखा थर दिला, भुकटी खरंच निम्म्याहून कमी झाली, आणि जी पडते ती ओल्या कापडाने पुसली की निघते. कुठल्याही शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं. मी त्याच दिवशी तुमच्याकडे यायची बॅग भरली.

पण यांचं म्हणणं, रोग मुळापासून गेला पाहिजे. आणि मूळ काय, तर ब्रेक दाबणं. तेव्हा ब्रेक दाबायचाच नाही.

ताई, त्या गाडीत मी कशी बसते हे तुम्हाला कसं सांगू! चौकाचा दिवा अजून डोळ्यांना नीट दिसतही नसतो, तेव्हाच हे पाय उचलतात आणि गाडी वरातीसारखी सरकत राहते. मागचे भोंगे वाजवतात, खिडकीतून हात काढून काय काय म्हणतात. हे म्हणतात, "वाजवू दे, त्यांची चाकं बघ." गोल चौकात जागा मिळेपर्यंत आम्ही फिरत राहतो, तिथला पोलीस आता मला ओळखीचं हसतो. माझा पाय आपोआप समोरच्या पत्र्यावर दाबला जातो, त्यावर यांचं म्हणणं, "दाब, दाब, तुझ्या पायाने भुकटी पडत नाही." आणि औषधाचं दुकान उतारावर आहे, हा काय माझा दोष? मागच्या आठवड्यात आम्ही त्याच्यासमोरून दोनदा गेलो आणि थांबलो नाही. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "आता हळू आहे, उतर पटकन." मी उतरले. या वयात, चालत्या गाडीतून, हातात छत्री आणि पर्स घेऊन. सिस्टरांनी आम्हाला गुडघे जुळवून, पाठ ताठ ठेवून वाहनातून कसं उतरायचं हे शिकवलं होतं. त्यात वाहन थांबलेलं असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

आता कळलं ना? तुमच्याकडे यायचं म्हणजे सगळा घाट उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय तो घाट देवालाही उतरता येणार नाही. मी विषय काढला की हे म्हणतात, "उतार आहे गं, चाकांची वाट लागेल." आधी म्हणाले पट्ट्या बसू दे, मग म्हणाले थर वाळू दे, आता म्हणतात थर पक्का होऊ दे. मी म्हटलं, मी बसने जाते. तर म्हणे, "एकटी कशी जाशील?" ताई, मी एकटी चालत्या गाडीतून उतरते!

मी रागावले आहे. तुम्ही दूर जाण्याआधी तुमच्या ओसरीवर तुमच्याजवळ बसायला मिळालं नाही, तर मी या माणसाला आणि त्याच्या चार चाकांना कधी माफ करणार नाही. बाळंतपणानंतर माहेरी कोणी उरलं नव्हतं, तेव्हा मी तुमच्याकडे आले होते. मुलगी रडायची, तुम्ही तिला खांद्यावर घेऊन ओसरीवर फेऱ्या मारायच्या आणि मला म्हणायच्या, "तू झोप, ही आणि मी गप्पा मारतोय." तेवढी गाढ झोप मला पुन्हा कुठे लागली नाही.

हात दुखायला लागला, थांबते. तब्येतीला जपा.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणायच्या) धाकटी भावजय

ता. क. पाकीट बंद करणार होते, पण काल संध्याकाळचं लिहायला हवं. मी चहा घेऊन बाहेर गेले. हे पुढच्या चाकाशी बसले होते, हातात फडकं. चाक लखलखीत होतं आणि फडकं कोरडं. मी म्हटलं, "अहो, काय पुसताय? काही नाहीये तिथे." त्यांनी फडकं झटकलं. मग म्हणाले, "आई गेल्यापासून दर वेळी मी निघालो की ताई फाटकापर्यंत यायची. मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभी राहायची. आता ती निघणार आणि फाटकाशी मी उभा राहणार. ते मला जमायचं नाही गं." एवढं म्हणून पुन्हा चाक पुसायला लागले. चहा गार झाला. वर जे जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण ते रागात लिहिलंय, एवढं समजून घ्या.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालात पडलं नाही. आज सकाळी उठून बघते तर गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी आणि हे आत बसलेले. "चल, बॅग भरलेलीच आहे ना?" एवढंच बोलले. घाट आत्ताच उतरलो. प्रत्येक वळणावर ब्रेक, नीट, शहाण्या माणसासारखा. आता खाली चहाला थांबलोय आणि मी टेबलावर घाईघाईने हे लिहितेय. चाकं काळी झालीत. यांनी बघितली आणि काहीच म्हटलं नाही, म्हणून मला काळजी वाटते.

तेव्हा माझी विनंती अशी. पोचल्यावर यांना गाडी लावायला वेळ लागतो, त्यांना सावली हवी असते. तेवढ्यात मी पुढे येऊन हे पाकीट तुमच्या हातात देईन आणि शेवटचं पान आधी वाचायला सांगेन. यांना बघून रडू नका. चाकांकडे बघा आणि लहानपणी ओरडायच्या तशा ओरडा, "काय रे, एवढा डॉक्टर तू आणि ही कसली घाण आणलीस माझ्या दारात?" म्हणजे त्यांना हाताला काम मिळेल. अंगणातल्या नळाचं पाणी बंद करायला सांगितलं असेल तर तेवढं थांबवा. आणि एक, तापलेल्या चाकांवर पाणी टाकायचं नसतं, मिस्त्रीने तसं बजावलंय. आधी ती गार व्हायला हवीत. गार झाली की नाही हे हात लावून मी ठरवणार आहे, आणि महिनाअखेरीपर्यंत ती काही गार होत नाहीत.